सायकलला मोटार बसवायची आहे. सकाळी उतार, संध्याकाळी चढ. पंधरा हजारांत जमेल का?

स्टोअरकीपर_सातारा

नमस्कार मंडळी.

मी राहते समर्थ मंदिराच्या बाजूला आणि कामाला एमआयडीसीत, एका छोट्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये. घर ते गेट साडेसात किलोमीटर. वय ४७, वजन ६८ (खरं सांगितलंय, हिशेबाला लागेल म्हणून). स्कूटी होती, ती जूनपासून लेकीच्या कॉलेजला जाते आणि आता ती मला परत मिळेल अशी आशा नाही. सध्या वडापने (सीटवर भरणाऱ्या शेअर गाडीने) जाते. पोवई नाक्यावर उतरायचं, दुसरं वडाप भरेपर्यंत बसायचं, पाऊणेक तास जातो.

जिन्याखाली मुलाची दहावीतली गिअरची सायकल पडून आहे. २६ इंची चाक, लोखंडी फ्रेम, मागे सहा गिअर. हवा भरली, चेनला तेल घातलं आणि एका रविवारी कारखान्यापर्यंत जाऊन आले. जाताना मजा. राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत नुसते ब्रेक दाबत गेले. येताना मात्र कमानी हौदापाशी धाप लागली, मोती चौकात उसाचा रस घ्यावा लागला आणि राजवाड्यापासून घरापर्यंत सायकल हातात धरून आणली. शेजारच्या काकूंनी विचारलं, पंक्चर झाली का गं? मी हो म्हणाले.

तयार ई-सायकली बघितल्या. परवडेल अशी एक होती. दुकानदाराला म्हटलं, दोनशे मीटर वर नेऊन बघते. तो म्हणे मॅडम, आधी बुकिंग करा. मग मीच ठरवलं की किट आणून आपणच बसवायचं. सोल्डरिंग येतं मला, आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स केलंय १९९६ साली. नंतरचं आयुष्य नटबोल्ट मोजण्यात गेलं ते सोडा.

तर विचारायचं असं की २५० वॉटची मोटार मला हा चढ चढवेल का? सगळे म्हणतात ३५० तरी घ्या. बॅटरी किती मोठी लागेल? आमच्या कारखान्यात यूपीएसच्या जुन्या लेड अ‍ॅसिड बॅटऱ्या भंगारात निघाल्यात, १२ व्होल्ट ७ एएचच्या (अँपिअर-अवर, म्हणजे किती माल मावतो ते), त्या चालतील का? आणि महत्त्वाचं म्हणजे दमलेली बॅटरी नेमकी चढाच्या वेळेला असणार. सकाळी भरलेली असते तेव्हा मला तिची गरजच नाही. हे उलटं कसं करायचं?

मास्तर_कराड

ताई, त्या यूपीएसच्या बॅटऱ्यांना हात लावू नका. मी लावलाय.

लॉकडाउनमध्ये शाळा बंद होती, हाताला काम नव्हतं. २४ व्होल्टची बाजूला बसवायची मोटार आणली आणि अशाच दोन बॅटऱ्या कॅरिअरला बांधल्या. पहिला महिना झकास. दुसऱ्या महिन्यात शाळेपर्यंत पोचायची, परत येताना रडायची. चौथ्या महिन्यात मी दोन बॅटऱ्या, एक मोटार आणि एक सायकल असं सगळं पायडल मारून फिरवत होतो. त्या बॅटऱ्या वीस तासांत हळूहळू रिकाम्या व्हायच्या हिशेबाने ७ एएच असतात. सायकलला अर्ध्या तासात पिळलं की निम्म्याच्या आसपास हाती लागतं. वर तळ गाठू दिला की मरतात. आणि ३६ व्होल्टची मोटार घेतलीत तर अशा तीन लागतील, त्यांचं सहा-सात किलो वजन वेगळंच. विद्यार्थी अजून विचारतात, सर, तुमची बुलेट कुठाय?

वेग_हवा

२५० वॉट म्हणजे खेळणं. सरळ ५०० टाका. सायकलला पोलीस अडवत नाहीत.

रिवाइंडर_कुपवाड

ताई, तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य सोन्यासारखं आहे. बाकी सगळे वॉट विचारतात, तुम्ही बॅटरी कधी दमते ते विचारलंत.

माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे कुपवाडला. २०१९ च्या महापुरानंतर तीन महिने मी दुसरं काही केलं नाही, नुसत्या भिजलेल्या मोटारी धुवायच्या आणि ओव्हनला लावायच्या. माझी स्वतःची इलेक्ट्रिक सायकल आहे, पण आमच्या सांगली-मिरजेला चढ म्हणजे रेल्वेचा पूल. त्यामुळं साताऱ्याला मी माझा अनुभव सांगत नाही, हिशेब सांगतो. पटला तर घ्या.

तुमचं वजन, सायकल, मोटार, बॅटरी, डबा, छत्री असं सगळं मिळून १०० किलो धरा. चढ एकूण १०० मीटर उंचीचा धरा (फोनवर मोजून घ्या, कमी निघाला तर चांगलंच). १०० किलो १०० मीटर वर न्यायला २७ वॉटअवर लागतात. मोटार आणि कंट्रोलर (बॅटरीतून मोटारीला वीज मोजून सोडणारा डबा) थोडं खातात, म्हणून ३६ म्हणा. ३६ व्होल्ट, साडेसात एएचच्या बॅटरीत २७० वॉटअवर असतात. म्हणजे तुमचा अख्खा सातारा चढायला बॅटरीचा जेमतेम सातवा-आठवा हिस्सा. चढ बॅटरी संपवत नाही ओ. तो एकदम मागतो, म्हणून बॅटरी कोलमडते. सावकाराचं कर्ज आणि किराणाची उधारी यात जो फरक आहे तो हाच.

एकदम किती मागतो ते बघा. शंभर मीटर पुढं गेल्यावर पाच मीटर वर, असा चढ १५ च्या वेगानं चढायला नुसत्या उंचीसाठी २०० वॉट लागतात. रस्ता आणि वारा मिळून आणखी ६०-७०. त्यातले ७० वॉट तुमचे पाय सहज देतील, घाम न येता. उरले २००. २५० ची मोटार पुरते. जिथं आठ मीटरचा चढ आहे तिथं १० च्या वेगावर या, तेवढ्याच ताकदीत चढाल. फक्त पायडल सोडू नका. मोटार अगदी हळू फिरत असताना थ्रॉटल (हँडलवरची वेगाची मूठ) पिळून धरला की आत गेलेली वीज चाक फिरवत नाही, कॉइल तापवते. माझ्याकडं जळून येतात त्या बहुतेक अशाच.

म्हणून गिअरवाली हब मोटार (चाकाच्या मध्यात बसणारी) घ्या. आत दातेरी चक्रं असतात, त्यामुळं मोटार स्वतः जोरात फिरते आणि चाक हळू. आत फ्रीव्हीलही असतं, बॅटरी बंद केली तरी चाक जड लागत नाही. बिनगिअरची मोठ्या पातेल्याएवढी हब मोटार येते ती सपाटीला बरी, चढाला नको.

वेग_हवा साहेब, पोलीस अडवत नाहीत हे खरं. पण २५० वॉटपेक्षा कमी, वेग ताशी २५ च्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत, एवढ्यात बसलं तरच ती केंद्रीय मोटार वाहन नियमांत मोटार वाहन धरली जात नाही. त्याच्या वर गेलं की नोंदणी, लायसन, विमा सगळं मागं लागतं. पोवई नाक्यावर कुणाला धक्का लागला तर मग पोलीसही अडवतात आणि वकीलही भेटतात. शिवाय ५०० ची मोटार म्हणजे बॅटरीकडं दुप्पट मागणी. ताईंचा प्रश्न सुटत नाही, वाढतो.

आता दमलेल्या बॅटरीचं. ३६ व्होल्टची लिथियम आयन म्हणजे दहा सेलची माळ. भरल्यावर ४२ व्होल्ट, निम्मी झाल्यावर साडेछत्तीसच्या आसपास. २५० वॉटचा कंट्रोलर चढाला १४ अँपिअरपर्यंत ओढतो आणि बॅटरी ३१ च्या आसपास उतरली की बंद पडतो. लेबलवर आकडा असतो, वाचा. बॅटरीच्या आत रोध असतो. चांगल्या पॅकचा समजा ०.१५ ओहम. १४ अँपिअरला २ व्होल्ट पडतील, साडेचौतीस राहतात, सायकल चालते. हलक्या पॅकचा ०.४ ओहम असेल तर साडेपाच व्होल्ट पडतात. साडेछत्तीसमधून साडेपाच गेले की ३१, आणि कंट्रोलर बंद. तुम्ही रस्त्यात उभ्या. दोन मिनिटं थांबलं की व्होल्टेज परत वर येतं, तुम्हाला वाटतं बॅटरी भरली, पुढच्या चढाला परत तेच. बॅटरीत निम्मा माल शिल्लक आहे आणि चढ होत नाही, हा प्रकार असा असतो.

म्हणजे पैसे मोटारीत घालू नका, सेलमध्ये घाला. सगळ्यात जास्त फसवणूक तिथंच आहे. १८६५० नावाचा सेल असतो, १८ मिलिमीटर जाड, ६५ लांब. त्यावर कुणी ६००० एमएएच (म्हणजे ६ एएच) लिहिलं असेल तर हसून परत द्या, या मापात ३५०० च्या आसपास गाडी थांबते. खरा सेल साधारण ४५ ग्रॅम भरतो. तुमच्या पॅकमध्ये दहाच्या तीन माळा, तीस सेल. ३० गुणिले ४५ म्हणजे १३५० ग्रॅम, वर बीएमएस (सेलची राखण करणारं सर्किट), पट्ट्या आणि खोकं. पावणेदोन किलोच्या खाली पॅक भरला तर कुठंतरी पाणी मुरतंय. तुम्ही स्टोअरवाल्या आहात, काटा तुमच्या हाताखाली आहे.

एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेलचा पॅकही येतो. जड असतो, पण जास्त वर्षं चालतो आणि तापण्याच्या बाबतीत सोशिक. वजन चालत असेल तर तोच घ्या. फक्त त्याची माळ बाराची, चार्जर ४३.८ व्होल्टचा. लिथियम आयनचा ४२ चा. अदलाबदल करायची नाही, दिव्याखाली वाचून लावायचा. आणि रात्री जिन्याखाली चार्जिंगला लावून झोपायचं नाही. तो तुमचा बाहेर पडायचा रस्ता आहे.

गोडोलीचा_मिस्त्री

वरच्या भाऊंनी विजेचं सांगितलं, मी सायकलचं सांगतो. पस्तीस वर्षं चाकांचा आउट (वाकडेपणा) काढतोय.

ताई, मोटारीच्या चाकाचा आस दोन बाजूंनी घासून १० मिलिमीटरचा चपटा केलेला असतो. मोटार चाकाला पुढं ढकलते तेव्हा आसाला मागं फिरवायला बघते. नुसत्या नटावर भरवसा ठेवला की एक दिवस आस फ्रेममध्ये गर्रकन फिरतो आणि वायरी पिळून तोडतो. १० नंबरचा फिक्स पाना घ्या, जुना चालेल, दांडा निम्मा कापा, तोंड आसावर बसवा आणि दुसरं टोक फ्रेमच्या नळीला क्लिपने आवळा. दोन्ही बाजूला. शंभर-दीडशेचं काम आहे.

मोटार मागच्या चाकालाच बसवा. तुमच्या सायकलला मागे सहा गिअर आहेत म्हणजे मागची फट १३५ मिलिमीटरच्या जवळपास असेल, मोजून घ्या. जुन्या काळ्या सायकलींना ती कमी असते, मग फ्रेम फाकवावी लागते. पुढच्या चिमट्याला (फोर्कला) मोटार लावतात काही जण. शॉकअपवाल्या चिमट्याला तर अजिबात नको, कान तुटून तोंडावर पडाल.

आणि मोटार आणायच्या आधी ब्रेक. तुमची सकाळ सगळी उताराची आहे.

स्टोअरकीपर_सातारा

सगळ्यांचे आभार. रिवाइंडर भाऊ, उधारीचं उदाहरण नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, मग बॅटरीपेक्षा वडापच बरं, रोख व्यवहार.

तीन आठवड्यांचा वृत्तान्त. किट आलं, व्यवस्थित आहे. बॅटरी मात्र आधी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवली. १० एएच म्हणून लिहिलेली, स्वस्त. कारखान्यात नेऊन काट्यावर ठेवली तर १ किलो १४० ग्रॅम. खोक्यासकट! तीस सेलसुद्धा नसतील त्यात, दहा एएचला तर अडीच हजार एमएएचचे चाळीस लागतात. फोटो काढला, काट्याचा आकडा दिसेल असा, आणि परत पाठवते म्हणून कळवलं. आधी म्हणाले ‘नवीन टेक्नॉलॉजी आहे, हलकी असते.’ मी म्हटलं, मी अठरा वर्षं माल वजन करून घेते. दहा दिवसांनी पैसे आले.

दुसरी पुण्यातल्या एका पॅक बनवणाऱ्याकडून घेतली, साडेसात एएच. त्याने सेलचा प्रकार बिलावर लिहून दिला, पट्ट्या स्पॉट वेल्ड केलेल्या फोटोत दाखवल्या. भरली १ किलो ९२०.

रिवाइंडर_कुपवाड

शाब्बास. वायरिंग करताना बॅटरीच्या तोंडाशी २० अँपिअरचा फ्यूज विसरू नका. कंट्रोलरपाशी नाही, बॅटरीपाशी.

स्टोअरकीपर_सातारा

दीड महिना झाला रोज जाते-येते. आता सविस्तर लिहिते, कुणाला तरी उपयोगी पडेल.

बसवायला दोन रविवार गेले. पहिल्या रविवारी सगळं जोडलं, थ्रॉटल पिळला आणि चाक घुर्र करून थरथरलं, फिरेना. मोटारीच्या तीन जाड वायरी पिवळी, हिरवी, निळी. मी रंगाला रंग जोडला होता. तरी नाही. दुपारी जेवल्यावर लक्षात आलं की कंट्रोलरमधून दोन पांढऱ्या वायरी नुसत्या लोंबतायत. कागदावर त्यांना ‘लर्निंग’ म्हटलं होतं. चाक हवेत ठेवून त्या दोन जोडल्या, चाक आपोआप फिरायला लागलं, ते पुढच्या दिशेला, आणि मग वायरी सोडवल्या. झालं. पायडलच्या सेन्सरची चुंबकाची चकती उलटी बसली होती, त्यामुळे पायडल मागे फिरवलं की मोटार सुरू व्हायची. लेक हसून हसून जमिनीवर बसली.

कंट्रोलर आधी जुन्या जेवणाच्या डब्यात बंद केला होता, पाऊस लागू नये म्हणून. चढून घरी आल्यावर डबा हाताला चटका देत होता. आता सीटखाली ॲल्युमिनिअमच्या पट्टीला बोल्टने बसवलाय, वरून मडगार्डच्या रबराचं छप्पर, खालून मोकळा. वायरी सगळ्या कंट्रोलरला पोचायच्या आधी खाली झोळ देऊन वर नेल्यात, पाणी झोळातून गळून जातं. साताऱ्याचा पाऊस माहीत असणाऱ्यांना याचं महत्त्व सांगायला नको. अजून तरी आत थेंब नाही.

खर्च: किट ७,९००. बॅटरी चार्जरसह ८,२००. कुरिअर ४५०. मागचा टायर-ट्यूब ६४०. ब्रेकचे गुटके आणि केबल ३८०. पान्याचे दोन तुकडे आणि क्लिपा १५०. फ्यूज, कनेक्टर, वायर, स्लीव्ह ५२०. चाकाचा आउट आणि मजुरी ५००. एकूण १८,७४०. पंधरात बसलं नाही. स्टोअरच्या भाषेत २५ टक्के ओव्हर. बॅटरी परत केली नसती तर बसलं असतं, आणि मी कमानी हौदापाशी उभी असते.

आता आकडे. हँडलला छोटा व्होल्टमीटर लावलाय. सकाळी निघताना ४१.८. कारखान्याच्या गेटवर ४०.१, कारण जाताना मोटार फारशी लागतच नाही. संध्याकाळी पोवई नाक्यावर ३८.५. राजपथावरून वर येताना आकडा नाचतो, सगळ्यात खाली ३४ पाहिलाय, कंट्रोलर कधीच बंद पडला नाही. घरी पोचून पाच मिनिटांनी ३६.४. म्हणजे भाऊ म्हणाले तसंच, माल उरतो. चार्जर जिथे लावते तिथे आठवडाभर मीटर ठेवला होता, दिवसाला ०.१९ युनिट. बिलात दिसतसुद्धा नाही.

सकाळी २४ मिनिटं, संध्याकाळी ३१. राजवाड्यापासून पुढे मी गिअर एकवर टाकते आणि पाय चालू ठेवते, वेग १२-१३ राहतो. घाम येतो, पण साडी बदलावी लागेल एवढा नाही. परवा उसाच्या रसवाल्याने हाक मारली, ताई, आज थांबला नाहीत? मी हात केला आणि गेले. शेजारच्या काकू आता विचारतात, ही आपोआप चढते का गं. त्यांना एकदा बसवून आणायचं आहे, पण कॅरिअर तेवढा मजबूत नाही.

एक अडचण राहिली आहे. मिस्त्री काका, तुमच्यासाठी. पुढचे गुटके दीड महिन्यात निम्मे झिजले. समर्थ मंदिर ते पोवई नाका रोज सकाळी दाबतच जाते, त्यात आता सायकल सहा किलोने जड. रिमही घासल्यासारखी दिसतेय. चिमट्याला डिस्कसाठी कान नाहीत. चिमटाच बदलू, की जाड गुटके मिळतात ते लावून पावसाळा काढू?

गोडोलीचा_मिस्त्री

चिमटा बदला. आणि तोपर्यंत मागचा ब्रेक पण वापरत जा, तुम्ही सगळ्या बायका आणि पोरं पुढचाच दाबता. शनिवारी दुपारी सायकल घेऊन या, रिम बघतो. येताना चार्ज करून या, माझा पोरगा एक फेरी मारायची म्हणतोय.